ओल्या हवेतला नाद : गगनबावड्याचा पाऊस, गिटारच्या तारा आणि मिरजेची घोडी

कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, शिरोळ तालुक्यात, वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या माथ्यावरच्या गगनबावड्यात, तो ५००० मिलिमीटरच्या पुढे जातो. करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट जिथून वैभववाडीकडे उतरतात, त्या या गावात जूनपासून सप्टेंबरपर्यंत धुके घरात शिरते, जांभ्याच्या भिंतींना ओल येते आणि कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येऊ लागतो. सापेक्ष आर्द्रता म्हणजे एखाद्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढे बाष्प धरू शकते, त्याच्या तुलनेत तिच्यात प्रत्यक्ष असलेले बाष्प. भर पावसाळ्यात येथे ती अनेकदा ९० टक्क्यांच्या वर असते. गिटार बनवणारे कारखाने आपल्या वाद्यासाठी ४५ ते ५५ टक्के आर्द्रता योग्य मानतात. हे दोन आकडे शेजारी ठेवले की घाटमाथ्यावरच्या घरात ठेवलेली लाकडी गिटार श्रावण संपेपर्यंत घुसमटल्यासारखी का वाजते आणि तिच्या तारांवर तांबूस डाग का चढतात, याचा बराचसा उलगडा होतो.

असे वाद्य सुधारायचे म्हटले की सल्ला बहुधा एकच मिळतो : तारा बदला. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. गिटारचा नाद तीन ठिकाणी ठरतो. लाकडात मुरलेली ओल, तारेचा धातू आणि तार जिथे टेकते ते हाडाचे किंवा प्लॅस्टिकचे बोटभर तुकडे, ही ती तीन ठिकाणे होत. यांपैकी तिसऱ्या ठिकाणाचे महत्त्व ज्यांनी पिढ्यानपिढ्या जाणले, ते कारागीर गगनबावड्याहून शंभरेक किलोमीटरवर, मिरजेत आहेत. ते गिटारचे कारागीर नव्हेत, सतार आणि तंबोऱ्याचे आहेत. तरीही तारेच्या टेकूविषयी त्यांच्या हाताला जे कळते, ते गिटारवाल्याने समजून घ्यावे असे आहे.

प्रथम वाद्याची रचना पाहणे आवश्यक आहे. तार स्वतः इतकी बारीक असते की ती हवेला फारशी हलवू शकत नाही. तिची थरथर सॅडल नावाच्या पातळ पट्टीतून ब्रिजमध्ये, म्हणजे गिटारच्या घोडीत, आणि तेथून वरच्या लाकडी फळीत उतरते. या फळीला सतारीच्या परिभाषेत तबली म्हणतात. तबली हलते, पोटातली हवा हलते आणि मग आवाज ऐकू येतो. या तबलीचे महत्त्व स्पेनमधील कारागीर आंतोनिओ दे तोरेस याने १८६२ मध्ये एका प्रयोगाने दाखवून दिले : त्याने गिटारची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या, फक्त तबली उत्तम स्प्रूस लाकडाची ठेवली, आणि ते वाद्य चांगले वाजले. ज्या गिटारची तबली अखंड स्प्रूसऐवजी प्लायवूडची असते, तिच्या नादाला एक मर्यादा असते आणि ती कोणत्याही महागड्या तारेने ओलांडता येत नाही, हे ग्राहकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. मात्र गगनबावड्यासारख्या ठिकाणी प्लायवूडला नाक मुरडण्याचेही कारण नाही. आडवे-उभे थर चिकटवलेले असल्यामुळे ते ओलीने कमी फुगते, आणि जे वाद्य सप्टेंबरमध्येही सुरात वाजते त्याची किंमत घाटमाथ्यावर वेगळीच असते.

लाकूड हवेतले पाणी शोषते आणि सोडते. हवा ५० टक्के आर्द्र असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी राहते. हवा ९० टक्क्यांवर स्थिरावली तर हेच प्रमाण २० टक्क्यांच्या घरात जाते. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, पण रेषांना आडवे ते फुगते. तबलीच्या खाली आडव्या पट्ट्या चिकटवलेल्या असल्याने तिला मोकळेपणी पसरता येत नाही आणि ती पोट काढते. पोट वर आले की ब्रिज वर येतो, तारा पडद्यांपासून उंच जातात, बोटे दुखू लागतात आणि दाबलेला स्वर किंचित चढा लागतो. शिवाय ओले लाकूड जड असते, त्याचा ताठपणा कमी होतो आणि कंपनातली शक्ती ते आतल्या आत जिरवते. परिणामी वरचे, चमक देणारे स्वरांश, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे स्वर, आधी मरतात. अशा अवस्थेत नव्या तारा चढवणे म्हणजे रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे, असे होते.

म्हणून घाटमाथ्यावर पहिला उपाय वाद्याचा नव्हे, वाद्याच्या जागेचा आहे. बाहेरच्या भिंतीला गिटार टांगू नये, कारण पावसाचा मारा झेलणारी भिंत आतून ओलावते. चुलीच्या वर तर मुळीच नको, कारण तेथे धूर, उष्णता आणि वाफ तिन्ही एकत्र येतात. सह्याद्रीतल्या आणि कोकणातल्या अनेक घरांत रेशमी साड्या, कागदपत्रे किंवा कॅमेरा ठेवलेल्या कपाटात लहानसा तारेचा दिवा लावून ठेवण्याची रीत होती. तिच्यामागे साधे भौतिकशास्त्र आहे : २५ अंश सेल्सिअसला ९० टक्के आर्द्र असलेली हवा, तिच्यात बाष्पाचा एक थेंबही कमी न करता, ३० अंशांपर्यंत तापवली तर तिची सापेक्ष आर्द्रता ६७ टक्क्यांच्या आसपास येते, कारण गरम हवेची बाष्प धरण्याची क्षमता वाढते. अवघ्या पाच अंशांचा हा खेळ आहे. एलईडी दिव्याने हे काम होत नाही, कारण तो उष्णता फारच थोडी देतो. आणि दिवा वाद्यापासून दूर, कपाटाच्या तळाशी हवा, नाहीतर एकाच बाजूला तापून लाकूड तडकते.

ज्यांच्याकडे गिटारची टणक पेटी आहे त्यांना सिलिका जेल उपयोगी पडते. पाणी शोषणारे हे दाणे, रंगदर्शक प्रकारचे असतील तर, ओल भरली की रंग बदलतात आणि सुमारे ११० ते १२० अंशांवर तापवून पुन्हा कोरडे करता येतात. पेटीत एक लहान आर्द्रतामापक ठेवला तर अंदाजावर विसंबावे लागत नाही. मात्र येथे ‘पी हळद अन् हो गोरी’ अशी अपेक्षा ठेवू नये, कारण महिनाभर ओल प्यालेले लाकूड ती हळूहळूच सोडते आणि घाईने वाळवलेली तबली चिरते. उलट बाजूचा धोकाही तितकाच खरा आहे. गगनबावड्यात मुरलेली गिटार एप्रिलमध्ये सोलापूरकडे नेली तर लाकूड आकसते आणि पडद्यांची धातूची टोके मानेच्या कडेला हाताला टोचू लागतात. तेथे पेटीत ओलसर स्पंज ठेवावा लागतो.

आता तारांकडे वळता येईल. पोलादी तारांच्या गिटारमध्ये सहांपैकी बारीक दोन तारा नुसत्या पोलादाच्या असतात, त्यांवर कथलाचा पातळ मुलामा असतो. उरलेल्या चार पोलादी गाभ्यावर तांब्याच्या मिश्रधातूची बारीक तार गुंडाळून केलेल्या असतात. गुंडाळण्याचे कारण फ्रेंच विद्वान मारँ मर्सेन याने १६३६ मध्ये मांडलेल्या नियमांत सापडते : तार जितकी लांब आणि जितकी जड तितका स्वर खाली, ताण जितका जास्त तितका स्वर वर. सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा आणि सर्वांत वरची सुमारे ३३० वेळा कंप पावते, तरी दोघींची लांबी एकच, साधारण ६५ सेंटिमीटर असते. म्हणून खालच्या तारेला वजन द्यावे लागते, आणि ते नुसत्या जाड पोलादाने दिले तर तार सळईसारखी ताठ होऊन बेसूर होते. गुंडाळीमुळे वजन वाढते, पण लवचीकपणा टिकतो.

या गुंडाळीच्या फटीच घाटमाथ्यावर शत्रू ठरतात. घाम, बोटाचे तेल आणि त्वचेचे कण त्यांत बसतात, तारेचे वजन जागोजागी असमान होते, आणि मग तिच्यातले वरचे स्वरांश मूळ स्वराच्या पूर्ण पटीत राहत नाहीत. कान त्याला ‘तार मेली’ म्हणतो. घामातल्या मिठाचा हिशेब तर फारच महत्त्वाचा आहे. हवा सुमारे ७५ टक्क्यांहून अधिक आर्द्र झाली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळते, आणि तारेवर खाऱ्या पाण्याचा न दिसणारा थर तयार होतो. देशावर कोरड्या हवेत जे मीठ तारेवर निपचित पडून राहते, तेच गगनबावड्यात रात्रंदिवस पोलाद खात बसते. म्हणून वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसणे, हा गिटारवर करता येणारा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फलदायी संस्कार आहे. खोबरेल तेल लावू नये. ते गंज रोखते तेवढेच गुंडाळीत बसून नादही दाबते.

दुकानात तारांचे दोन प्रमुख प्रकार मिळतात. एकाला ८०/२० ब्राँझ म्हणतात, त्यात ८० टक्के तांबे आणि २० टक्के जस्त असते, म्हणजे धातुशास्त्राच्या हिशेबाने ते पितळच असते. त्याचा आवाज सुरुवातीला चकचकीत असतो पण लवकर उतरतो. दुसरा फॉस्फर ब्राँझ, सुमारे ९२ टक्के तांबे, ८ टक्के कथील आणि थोडा फॉस्फरस, जो डॅडारिओ कंपनीने १९७४ मध्ये गिटारच्या तारांसाठी आणला. त्याचा आवाज अधिक उबदार आणि तो गंजाला अधिक टिकतो. १९९० च्या दशकात एलिक्सर या नावाने तारेवर अतिशय पातळ पॉलिमरचा लेप असलेल्या तारा आल्या. त्यांची किंमत साध्या संचाच्या दुपटीहून अधिक असते आणि काही कानांना त्यांची धार थोडी बोथट वाटते. पण जिथे साधी तार पहिल्याच पावसात डागाळते, तिथे हा खर्च योग्य ठरतो. पुण्यात किंवा बंगळुरूत हाच सल्ला डोळे झाकून देता येणार नाही. तारा कोणत्याही घ्या, पाकीट हवाबंद हवे. उघड्या पाकिटातली तार घाटाखालच्या दुकानातच अर्धी म्हातारी झालेली असते.

जाडीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात; सर्वांत बारीक तार १२ आणि सर्वांत जाड ५३ असलेल्या प्रचलित संचाचा एकूण ताण सत्तर किलोच्या पुढे जातो, तर १० ते ४७ चा संच सुमारे साठ किलोने ओढतो. जाड तार तबलीला अधिक जोराने हलवते, पण ओलीने फुगलेल्या, सरस नरमलेल्या स्वस्त गिटारवर हे ओझे चढवणे धोक्याचे असते. अशा वाद्याला ११ चा संच हा समजूतदार मध्य होय. गिटार पावसाळाभर वाजणार नसेल तर सर्व तारा एक पूर्ण स्वर उतरवून ठेवाव्यात. मर्सेनच्या नियमानुसार ताण स्वराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे एवढ्याने ताण सुमारे वीस टक्क्यांनी हलका होतो.

तार चढवताना तिचे गोळीचे टोक ब्रिजखालच्या पट्टीला घट्ट टेकले आहे याची खात्री करावी. अनेकदा ते तार धरणाऱ्या पिनेच्या टोकावर अडून राहते, मग तार सरकत राहते आणि सूर बसत नाही. वरच्या टोकाला दोन-तीन वेढे पुरतात. त्यानंतर तार हलक्या हाताने ओढून ताणावी आणि पुन्हा लावावी, हे तीन-चार वेळा केले की नवी तार दुसऱ्या दिवशी उतरत नाही.

यानंतरचा टप्पा सॅडलचा, आणि येथे मिरजेचा विचार अपरिहार्य ठरतो. मिरजेतील तंतुवाद्यांचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून सुरू झाल्याचे मानले जाते. ते शिकलगार समाजातले, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्या घराण्यातले; लढाया थांबल्या, शस्त्रांचे काम आटले, आणि पोलादाला धार देणारे हात मिरज संस्थानच्या पटवर्धनांच्या आश्रयाने वाद्यांकडे वळले. भोपळे सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. मिरजेची कोरडी हवा ते भोपळे आणि लाकूड मुरायला सोयीची आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, आणि गायक असूनही वाद्य दुरुस्तीत त्यांचा हात चालत असे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्या नावावर त्या गावाचा कायदेशीर हक्क मान्य झाला.

या कारागिरीचा गाभा जवारी, म्हणजे घोडीच्या माथ्याला तारेसाठी दिलेला नेमका घाट, होय. तंबोऱ्याची घोडी गिटारच्या सॅडलसारखी अरुंद नसते. तिचा माथा रुंद आणि अगदी मंद उताराचा असतो, आणि कंप पावणारी तार त्या उताराला किंचित घासत राहते. कारागीर तार बाजूला सारतो, घोडीच्या माथ्यावर कानस फिरवतो, मग बारीक पॉलिश पेपर. तार पुन्हा जागेवर आणून छेडतो, ऐकतो आणि पुन्हा सारतो. जवारी उघडण्याचे हे काम प्रत्येक तारेसाठी वेगळे करावे लागते, आणि शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा शोधली जाते. एका बाजूला कानस थोडी जास्त फिरली तर आवाज चिरका होतो, कमी पडली तर बंद. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या घोडीचे वैशिष्ट्य दाखवले : तार ज्या बिंदूवर छेडली जाते तेथे ज्या स्वरांशांची कंपने शून्य असायला हवीत, ते स्वरांश ऐकू येऊ नयेत असा युरोपीय विज्ञानाचा नियम होता, पण तंबोरा आणि वीणा यांत ते स्पष्ट ऐकू येतात, कारण रुंद घोडी तारेचे टोक स्थिर राहू देत नाही.

गिटारला याच्या नेमके उलट हवे असते. तिच्या सॅडलचा माथा गोलसर पण अरुंद असावा लागतो, म्हणजे तार एका ठरलेल्या रेषेवर सुटते. वर्षानुवर्षे तारेने खाच पाडली आणि माथा सपाट झाला की गिटार झणझणू लागते. वादक त्याला दोष म्हणतो, आणि तो दोष म्हणजे नको त्या वाद्यावर आपोआप उघडलेली जवारीच असते. ज्या कारागिराला जवारी उघडता येते, त्याला ती मिटवताही येते. कोल्हापूर-सांगली भागातल्या गिटारवाल्यांनी मिरजेच्या सतारमेकर गल्लीकडे या दृष्टीने फारसे पाहिलेले दिसत नाही, हे या भागाच्या संगीतव्यवहाराचे नुकसान आहे.

स्वस्त गिटारला बहुधा प्लॅस्टिकचे, कधी आतून पोकळ सॅडल असते. त्या जागी भरीव हाडाचे सॅडल बसवणे हा खऱ्या अर्थाने ऐकू येणारा बदल आहे, कारण हाड कठीण असते आणि कंपन जिरवत नाही. पण हाड आहे म्हणून काम झाले असे नाही. पट्टीची तळबाजू आरशासारखी सपाट हवी आणि ती खाचेत डगमगता कामा नये. खाली केसभर पोकळी राहिली तर हाडही प्लॅस्टिकइतकेच मुके होते. तारा उंच असतील तर सॅडल वरून नव्हे, खालून घासतात, कारण वरचा आकार सुरासाठी घडवलेला असतो. बाराव्या पडद्यावर तार अर्धा मिलिमीटर खाली आणायची असेल तर सॅडल एक मिलिमीटर घासावे लागते, कारण बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. बाराव्या पडद्यावर जाड तारेची उंची सुमारे अडीच आणि बारीक तारेची पावणेदोन मिलिमीटर असली की हात आणि आवाज दोन्ही सुखावतात. पावसाळ्यात मात्र हे घासकाम करू नये. तबली तेव्हा फुगलेली असते, आणि कोरड्या दिवसांत ती खाली बसली की तारा पडद्यांना आपटतात. तोवर मानेतल्या ट्रस रॉडने, म्हणजे १९२० च्या दशकात गिब्सन कारखान्यातून प्रचारात आलेल्या समायोज्य पोलादी सळईने, मानेचा बाक पाव वळशाच्या बेताने सावरावा.

उरलेल्या सुधारणांविषयी थोडक्यात सांगता येते. वरच्या टोकाची नट नावाची पट्टी हाडाची केली तर फरक फक्त मोकळ्या तारेला पडतो, तरी तिच्या खाचा नीट कापल्या तर सूर लावताना तार अडकत नाही. ब्रिजच्या पिना पितळी किंवा आबनूसच्या केल्याने होणारा बदल इतका सूक्ष्म असतो की त्यावर खर्च सर्वांत शेवटी करावा. चाव्या ढिल्या असतील तर बदलाव्यात. त्याने नाद नव्हे, सूर टिकतो.

याच घाटमाथ्याचा गिटारशी आणखी एक संबंध आहे. पश्चिम घाटातल्या शिसवाला जगभरच्या गिटारनिर्मितीत मानाचे स्थान आहे. अमेरिकेतील मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये ब्राझीलच्या रोझवूडऐवजी भारतीय शिसव वापरायला सुरुवात केली, आणि २०१७ पासून या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, ज्यांतून तयार वाद्यांना पुढे सूट मिळाली. ज्या रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याकडे बावड्याची, म्हणजे याच गगनबावड्याची, जहागीर होती, त्यांच्या १७१५ च्या ‘आज्ञापत्र’ या राज्यनीतीच्या ग्रंथात कोणते झाड कोणत्या कामासाठी तोडावे आणि कोणते राखावे याचा विचार आहे. तो विचार वाद्यांच्या लाकडालाही लागू पडतो. जुनी, चांगल्या लाकडाची गिटार टाकून नवी घेण्यापेक्षा ती दुरुस्त करणे, हे त्या दृष्टीनेही योग्य आहे.

ज्यांच्या घरी पावसात सुस्तावलेली गिटार आहे, त्यांनी दिवाळीनंतर, हवा कोरडी होऊ लागली की, तिला दोन-तीन आठवडे नुसते कोरड्या खोलीत राहू द्यावे. मग जुन्या तारा काढाव्यात, सॅडल उपसून त्याची तळबाजू प्रकाशाकडे धरून पाहावी, ते पोकळ किंवा वाकडे असेल तर हाडाचे घडवून घ्यावे, आणि नवा संच त्यानंतरच चढवावा. पिना आणि चाव्यांचे पैसे पुढच्या वर्षासाठी राखून ठेवले तरी चालतील.